चौथ्या जोडाचं नाक

वाफेच्या पाइपांना गोधड्या शिवणारा म्हणून मिलमध्ये माझी टिंगल व्हायची. टिंगल करणारे माझ्याच पाइपांखाली बिनघोर बसून डबे खायचे, पण ते कुणाच्या ध्यानात येत नसे. बॉयलरपासून रीळ खात्यातून पार सुताला खळ देणाऱ्या खात्यापर्यंत गेलेला तो पाइप उघडा असता, तर खाली बसणाऱ्या बायकांची डोकी भाजली असती आणि निम्मी वाफ वाटेतच गार झाली असती. पाइपावर अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, तिच्यावर लेप थापायचा, थापीनं गुळगुळीत करायचा, मग मिलचंच मादरपाट घट्ट चढवून वर पांढरा रंग द्यायचा, हे माझं काम. त्यात माझा हात धरणारा सोलापुरात दुसरा कुणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो.

काम शिकवलं कोंडीबांनी. पाइपाचे दोन तुकडे बोल्टांनी जिथं जखडलेले असतात तो जोड. त्यांच्यामध्ये गॅस्केटची चकती असते, ती झिजली की वाफ गळू लागते. प्रत्येक जोडावर लेप देताना कोंडीबा करंगळीएवढी तांब्याची नळी, तोंड खाली करून, आत बसवायला लावत. तिला ते नाक म्हणत.

"जोड आजारी पडला की नाक गळतंय," ते सांगायचे. "ते पुसायचं न्हाय. फिटरला दाखवायचं."

गळालेल्या पाण्याचा तांबूस डाग पांढऱ्या कापडावर उमटायचा. सणाच्या सुट्टीत पाइप गार असताना कुंडलिक फिटर हे डाग बघत फिरायचा, आणि डाग दिसेल तिथलं गॅस्केट बदलायचा. डाग म्हणजे त्याला धाडलेला निरोप. इतकी साधी गोष्ट होती.

साल त्र्याहत्तर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अकरा जोडांपैकी चौथ्याचं नाक गळू लागलं. दुसऱ्या दिवशी मालक पूजेला येणार होते. आमचे सुपरवायझर शिवप्पा साहेब सकाळपासून खात्याखात्यांतून फिरून बजावत होते, "उद्या कुटं बी डाग दिसायला नको." त्यांचा रोख जमिनीवर सांडलेल्या तेलावर होता. मी मात्र वर बघितलं. महिनाभर खपून केलेल्या माझ्या पाइपावर वीतभर तांबडा ओघळ. मला त्याची खरोखर लाज वाटली. संध्याकाळी वाफ बंद झाली तशी मी शिडी लावली, नाकात लेपाचा गोळा बोटानं कोंबला, ओघळावर नवं कापड चढवलं आणि रंगाचे दोन हात मारले. पूजा उरकली की कुंडलिकच्या कानावर घालू, असं मनाशी ठरवलं होतं.

मालक आले, वर बघून "छान" म्हणाले आणि गेले. मग कुंडलिक बॅटरी मारत पाइपाखालून आला. मी चौथ्या जोडाखालीच उभा होतो. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"सोमलिंग, एक बी डाग न्हाय की रं. काय हात हाय तुजा."

बोलायची वेळ ती होती. पण चारजण ऐकत होते, आणि मी हसलो. त्यानं वहीत 'सर्व जोड ठीक' असं लिहून खाली सही केली.

आमच्या मिलचा एक रिवाज होता. खंडेनवमीला पूजेत मांडलेली हत्यारं, सुट्टीनंतर वाफ चढून पहिला भोंगा झाल्याशिवाय कुणी उचलायची नाहीत; सूट फक्त फिटरच्या हत्यारांना. माझी थापी, सुरी, बांबूची शिडीसुद्धा झेंडूची फुलं वाहून तिथं ठेवलेली होती. म्हणजे हळूच जाऊन नाक मोकळं करावं, तर तीही वाट मी बंद करून बसलो होतो.

दसऱ्याला सकाळी माझ्या बायकोनं, रुद्राणीनं, आपट्याची पानं हातावर ठेवली आणि मला एकदम तिची बैठक आठवली. चौथ्या जोडाखाली रिळावर तीच बसायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण शिडीवर असताना मी फक्त डाग बघत होतो. गार पाइपात वाफ शिरली की आत साचलेलं पाणी धक्के मारतं, आणि झिजलेलं गॅस्केट फाटायचं ते तेव्हाच. कोंडीबांच्या अर्ध्या तोंडाची कातडी अशाच एका सकाळी सोलून निघाली होती. त्यांचं ते तोंड दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"उद्या कामाला जाऊ नगंस," मी जेवताना म्हणालो.

"का?"

"कणकण वाटतीया म्हण."

"कुणाला, मला का तुमास्नी?" ती हसली. "काय वो, घाम तर तुमास्नी फुटलाय. सणानंतरच्या पयल्या दिवशी खाडा केला तर मुकादमीण वरीसभर बोलंल."

खरं सांगितलं असतं तर तिथंच निस्तरलं असतं. पण तिच्यापुढं तरी चूक कबूल करायची कशी, म्हणून मी पुरणपोळीचा तुकडा ताटात उगाच फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सात रस्ता चौकातून मिलकडं जाताना ती पुढं आणि मी मागं. अजून कुंडलिकला गाठू, एवढंच मनात घोकत होतो. पोहोचलो तर मॅनेजरांनी नारळ फोडलेला आणि कुंडलिक बॉयलरच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा. त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसं. मी शिवप्पा साहेबांजवळ गेलो.

"साहेब."

"काय रं?"

"काय न्हाय."

आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कुंडलिकनं व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. मी रीळ खात्यात पळालो. बायका आपापल्या जागी बसल्या होत्या, रुद्राणी रिळाला कुंकू लावत होती. पाइपात ठक् असा आवाज झाला. मग दुसरा, जरा जवळ. मी वर बघत होतो. चौथ्या जोडावरचं कापड, मी ताणून ताणून चढवलेलं ते कापड, हळूच फुगायला लागलं. आत पाणी साठत होतं आणि बाहेर यायला मी जागाच ठेवली नव्हती. भीतीनं माणूस पळतो म्हणतात, मला तर हलताच येईना.

तिसरा ठोका पडला. रुद्राणीनं मान वर केली, आणि तिच्या कपाळावर एक थेंब पडला. ती तो पदरानं पुसू लागली.

मग मी पूजेकडं कसा पोहोचलो ते आठवत नाही. सुरी उचलली, शिडी ओढली, झेंडूची फुलं पायाखाली आली. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, भोंगा व्हायचाय अजून." मी पाइपाखाली आलो आणि रुद्राणीचा दंड धरून तिला उठवलं.

"सरक हितनं. समद्या सरका."

माझं तोंड बघून ती काही न विचारता शेजारच्या दोघींना ओढत मागं गेली. मी चढलो आणि कापडात सुरी खुपसली. उकळतं पाणी डाव्या हातावर कोपरापर्यंत आलं. पाठोपाठ शिट्टी वाजवत पांढरी वाफ सुटली आणि रुद्राणीच्या रिकाम्या बैठकीवर जाऊन आदळली. मी शिडीवरून खाली पडलो. बायकांचा गलका ऐकून कुंडलिकनं व्हॉल्व्ह बंद केला. त्या दिवशी भोंगा झालाच नाही.

पाइप गार झाल्यावर जोड उघडला तर गॅस्केट दोन तुकड्यांत हातात आलं. भिजून लोंबणारा लेप आणि कापड घाईनं ओरबाडून कचऱ्यात गेलं होतं, त्याबरोबर बुजवलेलं नाकही. शिवप्पा साहेबांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. पूजेतलं हत्यार उचललं म्हणून कुणी अवाक्षर काढलं नाही. वहीत सही होती कुंडलिकची. त्याला वही घेऊन आत बोलावलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. गेटवर त्यानं माझ्यापुढं हात जोडले.

"तू नसतास तर माज्या हातनं तीन बाया मेल्या असत्या."

मी मान हलवली. एवढंच केलं.

संध्याकाळी रुद्राणी माझ्या हाताला मलम लावत होती.

"अकरा जोड हायती," ती म्हणाली. "तुमी नेमकं चौथ्यालाच कसं चढला?"

"फुगलेलं दिसलं."

"अन् सणाच्या दिशी, जाऊ नगंस म्हनला, तवा काय दिसलं व्हतं?"

मी सगळं सांगितलं. नाक, गोळा, रंगाचे दोन हात, पाठीवरची थाप. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. पट्टीची गाठ मारली, मलमाची डबी फळीवर ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"चला, कुंडलिकभावजींच्या घरी."

"उद्या जाऊ. हात लई ठणकतोय."

"त्यांच्या घरात आज चूल पेटली नसंल," ती म्हणाली आणि माझ्यासाठी न थांबता चालू लागली. मी उठलो. तिच्या मागोमाग गेलो.

दार कुंडलिकनंच उघडलं. माझा हात बघून त्यानं आधी पाट पुढं सरकवला.

"बस, सोमलिंग," तो म्हणाला. "लई भाजलंय का रं?"