नऊ ठोकळ्यांचा मनोरा

मावशीच्या खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या, तीन बुटकी कपाटं, अकरा गुंडाळलेल्या चटया, लहान मुलांच्या मुठीत बसतील असे सहा पेले आणि नऊ गुलाबी ठोकळे होते. ठोकळे लाकडी. सगळ्यात मोठ्याची बाजू दहा सेंटिमीटर, त्याच्या धाकट्याची नऊ, मग आठ, असे उतरत उतरत दोनपर्यंत. एक सेंटिमीटरचा नव्हता. भाचीनं ते एकावर एक रचले आणि टेप लावली. चोपन्न सेंटिमीटर भरले. पंचावन्न हवे होते.

तिनं पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटं ओढली, चटया उलगडून झटकल्या. धाकटा ठोकळा काही सापडला नाही.

समोर काही आलं की आधी मोजायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. मावशी तिला मापाडी म्हणायची. "आमची मापाडी सकाळी आधी दात मोजते, मग घासते," असं पाहुण्यांना सांगायची आणि स्वतःच हसायची.

फोन वाजला. आई होती. बहीण गेल्यापासून ती रोज या वेळी फोन करत होती.

"आवरलं का गं?"

"आवरतेय. तुला काही हवंय का तिचं?"

"मला कशाला? तिनं आयुष्यभर जमवलं काय, तर लाकडं." मग म्हणाली, "ती तेवढी टाकू नकोस."

त्या लाकडांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मावशी देश सोडून निघाली तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं. तिनं निम्मे कपडे बाहेर काढले आणि ठोकळे आत ठेवले. "अगं, तिकडे झाडं उगवत नाहीत का?" असं आजोबांनी विचारलं होतं. विमानतळावर बॅग उघडणाऱ्या माणसानं एकेक ठोकळा कानाशी धरून हलवून पाहिला. मावशीनं त्याच्या टेबलावर अख्खा मनोरा रचून दाखवला, तोही नेहमीसारखा सावकाश, एक शब्द न बोलता. मागची रांग ताटकळत राहिली.

इथे आल्यावर तिचं माँटेसरीचं प्रशिक्षण कुणी धरलं नाही. बालशाळेत घेतलं ते मदतनीस म्हणून. पेले विसळायचे, चटया झटकायच्या, बुटांच्या नाड्या बांधायच्या. हातात विद्या आणि नशिबात फडकं, असं आई म्हणायची. मावशी मात्र नाड्या बांधायची नाही. मुलाशेजारी बसून स्वतःच्या बुटाची नाडी सोडायची आणि हळूहळू पुन्हा बांधायची, मूल शिकेपर्यंत. त्यावरून तिला बोलणीही बसली. शेवटी तिनं इथली परीक्षा पुन्हा दिली आणि स्वतःचा वर्ग मिळवला. मुलं तिला हळूबाई म्हणत. ती बोलताना चुकली की चार वर्षांची पोरं तिचे उच्चार सुधारत. ती आभार मानून तो शब्द पुन्हा म्हणे.

भाची पदार्थविज्ञान शिकायला आली ती मावशीच्याच घरी राहिली. घरात शाळेचेच कायदे. वापरलेली वस्तू जागेवर गेली पाहिजे. मागितल्याशिवाय मदत करायची नाही. आणि सगळ्यात मोठा कायदा असा, की कामात बुडालेल्या माणसाला हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. ज्याच्या खांद्यावर हात, त्यानं त्या हातावर आपला हात ठेवला, की कळलं, थांब. हातातलं संपलं की तो वळणारच.

"आणि नाही वळला तर?" भाचीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"वळतो गं. मुलंसुद्धा वळतात."

"घराला आग लागली तर?"

"तेव्हा बोंब मार. पण झोपलेल्याला एक वेळ उठव, कामातल्याला नको."

भाची सुरुवातीला मुद्दाम खांद्यावर हात ठेवून विचारायची, "मावशी, मीठ कुठेय?" पुढे ते तिच्याही अंगवळणी पडलं. प्रयोगशाळेत नोकरी लागून ती दुसऱ्या गावी राहायला गेली, तेव्हा तिथल्या लोकांना ती कधी येऊन मागे उभी राहिली ते कळायचंच नाही. ते दचकायचे.

मावशी जाण्याआधीच्या महिन्यात भाची दोन दिवसांसाठी येऊन राहिली होती. येताना काम घेऊनच आली. रविवारी दुपारी ती इथल्याच एका खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन मोजमापांचं कोष्टक जुळवत होती. कुठेतरी एक आकडा चुकला होता आणि तो काही केल्या हाती लागत नव्हता. खांद्यावर हात आला. तिनं न बघता त्यावर आपला हात ठेवला आणि पुन्हा आकड्यांत शिरली. तो हात बराच वेळ तिथे होता, एवढं तिला आठवतं. कधी उचलला गेला ते आठवत नाही. आकडा सापडल्यावर ती वळली, तर मावशी ओट्यापाशी कप पुसत होती.

"काही म्हणत होतीस?"

"काही नाही गं. सापडलं का तुझं?"

"सापडलं. पण तू काय म्हणत होतीस?"

"होईल नंतर. गाडी चुकवशील, आवर."

तीन आठवड्यांनी मावशी पहाटे गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

भाचीनं ही खांद्यावरच्या हाताची गोष्ट आईला सांगायला नको होती. पण सांगून बसली. आई म्हणाली, "छातीत दुखतंय म्हणून सांगायला आली असेल. ती काय तोंडानं सांगणार होती थोडीच?" लगेच तिनं सावरलं, "मी आपलं म्हटलं. मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हापासून भाचीला त्या खांद्यावर झोपवत नव्हतं.

दुपारी बालशाळेच्या बाई चटया न्यायला आल्या. मावशीच्या वर्गात त्यांनी बरीच वर्षं सोबत काम केलं होतं. मनोरा पाहून त्या खाली चटईवरच बसल्या.

"म्हणजे धाकटा राहिलाच."

"तुम्हाला माहितेय तो कुठेय?"

"एका पोरीच्या मुठीत. नवीन आली होती, परदेशातून. भाषा येईना, कुणाला जवळ येऊ देईना. तो ठोकळा तेवढा दिवसभर धरून बसायची. घरी जातानाही मूठ उघडेना. मी म्हटलं, काढून घेते. हळूबाई म्हणाल्या, राहू दे, तिला सध्या आपल्यापेक्षा जास्त लागतोय. मग ते कुटुंब गाव सोडून गेलं. ठोकळाही गेला."

"मग नवीन आणायचा."

"सुटा मिळत नाही. आणि अपुरा मनोरा मुलांसमोर ठेवायचा नाही, शेवटचा ठोकळा चढला नाही तर मुलाला काम संपल्यासारखं वाटत नाही. म्हणून त्या घरी घेऊन आल्या. म्हणाल्या, माझ्या भाचीकडे यंत्रं आहेत, केसाच्या जाडीपर्यंत मोजतात. ती येणार आहे शनिवार-रविवारी. तिला सांगते, एक सेंटिमीटरचा करून दे." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "त्यांनी सांगितलं नाही?"

भाची म्हणाली, "नाही. मी कामात होते."

मग तिनं विचारलं, "तब्येतीचं काही बोलली होती का तुमच्यापाशी?"

"जिना चढताना थांबायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, हळूबाई आहे, हळूच चढणार. त्यांच्या मनात आणखी काही असलं तर मला ठाऊक नाही."

प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना भाचीनं लाकडाचा तुकडा दाखवला. "द्या इकडे," ते म्हणाले, "मशीनवर पाच मिनिटांचं काम. शेंगदाण्याएवढा ठोकळा, त्यासाठी पदवीधर बाईंनी बोटं कशाला कापून घ्यायची?"

"मी करते. तुम्ही फक्त शेजारी थांबा."

"थांबून काय करू?"

"काही नाही. मी विचारलं तरच सांगा."

मिस्त्री हाताची घडी घालून थांबले. अवघड गेलं त्यांना. दोनदा त्यांचा हात पुढे आला आणि मागे गेला. भाचीनं करवतीनं तुकडा कापला, कानशीनं घासला. एक बाजू सरळ केली की दुसरी वाकडी निघायची. ती सरळ करता करता ठोकळा झिजत गेला. सगळ्या कडा काटकोनात आल्या तेव्हा तिनं व्हर्निअर लावला, आकडा वाचला आणि दुसरा तुकडा घ्यायला हात पुढे केला. मग तो मागे घेऊन तिनं त्याच ठोकळ्याला गुलाबी रंग दिला.

सोमवारी ती बालशाळेत गेली. बाईंनी चटई अंथरली, मनोऱ्याचे ठोकळे तिच्यावर विखरून ठेवले. एक मुलगी आपणहून येऊन बसली. तिनं सगळ्यात मोठा ठोकळा दोन्ही हातांनी उचलला. सहाच्या जागी पाच चढवला, मान तिरकी करून पाहिलं, उतरवला. भाचीचा हात उठला होता, तो तिनं मांडीखाली दाबून धरला. धाकटा ठोकळा मुलीनं दोन बोटांच्या चिमटीत धरून वर ठेवला, श्वास सोडला आणि मागे सरकून बसली.

तिचं बघून होईपर्यंत भाची थांबली. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी वळली.

"मी मोजू का?"

मुलीनं मान डोलावली.

भाचीनं चटईवर टेप टेकवली आणि वरपर्यंत नेली. चोपन्न सेंटिमीटर, नऊ मिलिमीटर.