आजेसासूला उचलायला आलेली क्रेन

गाडीचं नाव आजेसासू पडलं, कारण ती काम फारसं करत नसे, कुरकुर भरपूर करायची आणि तिला घराबाहेर काढायची कुणाची छाती होत नव्हती. आता ती छाती सोसायटीच्या सेक्रेटरीची झाली होती. त्याने जिन्याखाली सूचना लावली : 'आवारात उभी असलेली बंद वाहने येत्या रविवारी क्रेनने उचलण्यात येतील.' आवारात बंद वाहन एकच होतं. तरीही 'वाहने' असं लिहिलंय म्हणजे वयाचा मान राखलाय, असं गाडीच्या मालकिणीचं, म्हणजे थोरलीचं मत पडलं. बाकी सूचना तिला पटली नाही.

थोरली पडदे शिवायची. मापं घ्यायला, पडदे पोचवायला, ते टांगायला तिला ही जुनी व्हॅनच लागायची, कारण तिची शिडी दुसऱ्या कुठल्याही गाडीत मावत नसे. गाडी गेली तर धंदा शिडीसकट रस्त्यावर. महिनाभर गाडी सुरू होत नव्हती. तरी थोरली रोज सकाळी तिच्यात बसायची, किल्ली फिरवायची, घर्र घर्र ऐकून घ्यायची आणि मग शिडी खांद्यावर टाकून पायी निघायची. कुणी विचारलंच तर सांगायची, "गाडी? ठणठणीत आहे. आज तिचं मन नाही."

मेस्त्री येऊन गेला होता. त्याने बॅटरी बदलली, प्लग बदलले आणि शेवटी विषय बदलला.

सेक्रेटरीला त्या जागी कारंजं हवं होतं. आवारात पाणी एक दिवसाआड यायचं. "मग कारंजंही एक दिवसाआड उडेल," तो सभेत म्हणाला होता.

रविवारी सकाळी थोरली बाह्या सरसावून खाली उतरली. मागोमाग धाकटा भाऊ पान्यांची पेटी घेऊन आला. नोकरी आणि लग्न एकाच आठवड्यात सुटल्यामुळे तो महिन्याभरापूर्वी 'चार दिवसांसाठी' घरी राहायला आला होता.

"ताई, एकेक करून बघू," तो म्हणाला. "पेट्रोल?"

"येतंय."

"स्टार्टर?"

"फिरतोय. कान आहेत ना तुला?"

धाकट्याने एक प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनाला टेकवला. थोरलीने किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं. प्लग थंड डोळ्यांनी बघत राहिला.

"ठिणगी नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या लग्नाचंही नेमकं हेच झालं."

"तुझं लग्न क्रेनने नव्हतं उचललं. प्लग लाव परत."

त्याने प्लग लावला आणि उगाच डोकं खाजवलं. "ताई, तू जरा मागचा दिवा बघून ये."

"ठिणगीचा आणि मागच्या दिव्याचा काय संबंध?"

"बघून ये गं. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं."

थोरली गेली. दिवा होता तिथेच होता. ती परत आली तेव्हा धाकटा पुढच्या सीटवरून गडबडीने उठत होता.

"आहे दिवा. आता तू जा, पेट्रोलचं झाकण बघून ये."

"झाकण कशाला?"

"मी गेले ना दिव्याला? मग तू जा झाकणाला."

तो वळला तसा थोरलीने डॅशबोर्डखाली हात घातला आणि चोरबटण दाबलं. वडिलांनी गाडी तिच्या हवाली करताना दरवाजे-खिडक्या लावून तिला हे गुपित सांगितलं होतं. एकदा दाबलं की ठिणगी बंद, पुन्हा दाबलं की सुरू. चोर बिचारा किल्ली फिरवत म्हातारा होईल. "फक्त तुला सांगतोय. धाकट्याला बोलू नकोस, तो तोंडाचा फाटका आहे." थोरलीने शब्द पाळला. रोज संध्याकाळी दाबायचं, रोज सकाळी दाबायचं, आणि मेस्त्रीलासुद्धा पत्ता लागू द्यायचा नाही. वाईट एवढंच, की ते बटण सुरू असो वा बंद, दिसायला तसंच दिसायचं. आज सकाळी दाबताना आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने ते आता पुन्हा दाबलं, आणि किल्ली फिरवली.

घर्र. घर्र. घर्र.

तेवढ्यात फाटकातून क्रेन आत आली. तिच्यापुढे सेक्रेटरी मापाची टेप घेऊन उलटा चालत येत होता, जणू नवरदेव आणतोय.

"उतरा बाई," क्रेनवाला म्हणाला. तो जांभया देणारा, शांत माणूस होता.

"नाही उतरणार." थोरलीने सीटबेल्ट लावला. आजेसासूचा सीटबेल्ट आजवर कुणी लावला नव्हता. तो खाकरल्यासारखा आवाज करत बाहेर आला.

"सूचना वाचली नाही का तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाला.

"वाचली. त्यात 'वाहने' आहे. दुसरं वाहन कुठंय?"

"उचला हो!" सेक्रेटरी क्रेनवाल्यावर ओरडला. "उंचावर गेली की आपोआप शरण येईल."

धाकट्याने इकडेतिकडे बघितलं आणि पलीकडचं दार उघडून तोही आत बसला. "मलाही उचला," तो म्हणाला. "तसंही मला कुठे जायचं ते ठरलेलं नाही."

क्रेनवाल्याने हुक पुढे अडकवला. साखळी ताणली गेली आणि आजेसासूने नाक वर केलं. मागचं दार उघडून शिडी सरसर बाहेर आली. कारंज्याची जागा मोजायला वाकलेला सेक्रेटरी वेळीच बाजूला उडाला. वरच्या गॅलरीत आई-वडील येऊन उभे राहिले.

"ताई," आभाळाकडे तोंड करून धाकटा म्हणाला, "डोळे मीट."

"का? तूच मीट."

"तू आधी."

"बरं, दोघंही मिटू."

दोघांनी डोळे मिटले. दोघांनी डॅशबोर्डखाली हात घातला. थोरलीचं बोट बटणावर पडलं आणि तिच्या बोटावर आणखी एक बोट पडलं. बटण दबलं.

"हे तुला कुणी सांगितलं?" दोघं एकदमच म्हणाले.

"बाबांनी!" दोघं एकदमच म्हणाले.

"मी रोज पहाटे उतरून दाबतोय ना!" धाकटा कळवळून म्हणाला. "म्हटलं, तुला माहीत नाही, बिचारी रोज खपतेय. तू पायी गेलीस की पुन्हा दाबून ठेवायचो, चोराचा काय भरवसा."

"गाढवा, मी पण रोज दाबतेय!" थोरलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा! तुम्ही दोघांनाही सांगितलंत?"

"एकालाच सांगितलं असतं तर दुसऱ्याला वाईट वाटलं असतं," वडील वरून म्हणाले.

"कसलं बटण?" आईने विचारलं. मग ती नवऱ्याकडे वळली. "लाल आहे का? माझ्या मिक्सरचं?"

वडील गॅलरीतून आत गेले.

थोरलीने किल्ली फिरवली. आजेसासू घर्र म्हणाली, खोकली आणि सुरू झाली. नाक वर, मागची चाकं जमिनीवर, काळा धूर थेट सेक्रेटरीच्या टेपवर.

क्रेनवाल्याने कान टवकारले, मग खटका खाली केला. आजेसासू अलगद चार चाकांवर आली.

"अहो, खाली काय ठेवताय?"

"साहेब, मला बंद गाडी सांगितली होती. ही सुरू आहे."

"ती आत्ता सुरू झाली!"

"मग मीही आत्ताच खाली ठेवली." त्याने हुक सोडवला, जांभई दिली आणि क्रेन उलटी घेतली.

सेक्रेटरी थोरलीच्या खिडकीशी आला. "बंद करा आधी ती गाडी!"

"केली असती," थोरली म्हणाली, "पण बंद गाड्या उचलून नेतात म्हणे इथे."

"बाई, आहात मात्र चालू!"

थोरलीने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने थोरलीकडे. मग तिने हात खिडकीबाहेर काढून पसरला.

"हेच लेखी द्या," ती म्हणाली. "सही-शिक्क्यानिशी. सूचनेशेजारी लावते."

धाकटा उतरून शिडी आत ढकलू लागला. थोरलीने ॲक्सिलरेटर दाबला. आजेसासूने सेक्रेटरीच्या अंगावर आणखी एक ढेकर दिला.

"सावकाश लिहा," थोरली म्हणाली. "टाकी भरलेली आहे."