चौकटीतलं अक्षर

आमच्या पुतणीचं लग्न झालं त्याच वर्षी जावई आमच्या कारखान्यात तपासणीला लागला. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले दादा, तिथे बोरिंग मशीनवर आणि मी जुळणीला. दादांनी पाडलेलं भोक मापात असणारच, असं सगळे धरून चालायचे.

आम्हा दोघा भावांना आकडे यायचे, अक्षरं नाहीत. ड्रॉइंगवरचं माप बघायचं आणि कामाला लागायचं. दांडा पेलणाऱ्या एका लोखंडी ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर भोकाच्या मापाखाली लांबट चौकट होती. तिच्यात आडव्या रेघेवर उभी रेघ, एक बारीक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर. तेच अक्षर ब्रॅकेटच्या एका बाजूलाही दाखवलेलं. अर्थ इतकाच की भोक त्या बाजूशी काटकोनात हवं, कललंच तर केसाच्या जाडीइतकं. दादांनी चौकट ऑफिसवाल्यांची म्हणून सोडून दिली. भोक पाडताना ब्रॅकेट त्या बाजूऐवजी पलीकडच्या रुंद बाजूवर बसवला, तसा तो हलत नव्हता. सगळा ढीग तसाच केला.

जावयाने एक ब्रॅकेट चौकटीतल्या बाजूवर टेकवला, भोकात पिन बसवली आणि काटकोन बघायला तिला गुण्या लावला. मधून उजेड दिसला.

"मामा, माप बरोबर आहे, पण भोक कललंय."

"लग्नाच्या फोटोत तुमची मानही कललीय, जावईबापू. म्हणून आम्ही लग्न मोडलं का?"

हशा पिकला. मीही हसलो.

"पण ड्रॉइंगवर दिलंय की. हे वाचा ना."

दादा कागदाकडे बघत राहिले. "चष्मा घरी राहिला."

दादांना चष्मा नव्हताच. त्यांना वाचता येत नाही हे जावयाला तेव्हा कळलं आणि तोच लाजला. "असू दे मामा, चालून जाईल," म्हणत त्याने सगळा ढीग पास केला.

ब्रॅकेट माझ्याकडे जुळणीला आल्यावर दांडा भोकात अर्ध्यावर अडकू लागला. साहेबांनी जावयाला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. "सासऱ्याचं काम म्हणून डोळे मिटलेस?"

"माझी चूक झाली," एवढंच तो म्हणाला. दादा शेजारीच उभे होते. जावयाला तपासणीवरून काढून गोदामात घातलं.

सुट्टीच्या दिवशी तो अंकलिपी घेऊन आम्हा भावांच्या घरी आला. "मामा, रोज थोडं थोडं बसू."

दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वहिनी दोनदा आत जाऊन आल्या. मग जावई मला म्हणाला, "काका, तुम्ही तरी बसा."

मी बसलो. तो येई तेव्हा दादा आतच असत. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी अक्षरं पुटपुटत म्हणायचो. घर लहान होतं, ऐकू जायचंच.

दादा पुढच्या वर्षी मार्चमध्ये हृदयविकाराने गेले, तोवर ते एकदाही आमच्यात येऊन बसले नाहीत.