रेघेच्या अलीकडे

खापा गावाच्या पुढे थोडं आत एक तलाव आहे. तिथं गळ टाकायला मच्छीमार संस्थेचा पास लागतो. एका पासावर एकच गळ, पावसाळ्याचे दोन महिने बंदी, आणि पडीन मासा लाल रेघेपर्यंत पोचला नाही तर तो जिवंत पाण्यात परत. ही रेघ राखणदार भैय्याजींच्या फळीवर होती. फळीच्या एका टोकाला ठोकळा. त्याला माशाचं नाक टेकवायचं आणि शेपूट कुठवर जाते ते पाहायचं. मोजल्याशिवाय भैय्याजी कधी हो म्हणत नसत, की नाही म्हणत नसत. हंगामात ज्याचा पडीन सगळ्यांत लांब, त्याला पुढच्या वर्षी उंबराखालची जागा मिळे. हा नियम मात्र कोणत्या कागदावर नव्हता.

अंकुशने ती जागा अकरा वर्षं राखली होती. तो कळमन्याच्या बाजारात मापारी. दुसऱ्यांचं धान्य मापण्यात उभा जन्म गेलेला. आठवडाभर कितीही धूळ खाल्ली तरी रविवारी त्या उंबराखाली बसलं की आपण कोणीतरी आहोत असं त्याला वाटे. गेल्या वर्षी ती जागा नागसेनकडे गेली. ज्या नागसेनला गळाची गाठ मारायला त्यानेच शिकवलं, त्याच्याकडे. पडिनाला खवले नसतात, कोरड्या हाताने धरला तर कातडीला इजा होते, म्हणून सोडायचा मासा उचलताना आधी दोन्ही हात ओले करायचे, हेही त्यानेच सांगितलं होतं. नागसेन अजूनही चहा पहिला त्याच्याच पुढे धरी, आणि त्या चांगुलपणानेच अंकुशच्या पोटात जास्त दुखे. वाईट माणसाचा हेवा करायला बरं पडतं. चांगल्या माणसाचा केला की तो आतल्या आत माणसाला खातो.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, बंदीआधीच्या शेवटच्या दिवशी, अंकुशच्या गळाला पडीन लागला. डावी मिशी तुटलेली, अंग भरलेलं. त्याने हातानेच मापला, तीन विती सहज. रेघ अडीच वितींवर होती, हे त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. पण फळीवर शेपूट रेघेच्या दोन बोटं अलीकडेच राहिली. भैय्याजींनी मान हलवली, आणि त्याने मासा सोडून दिला.

अर्ध्या तासाने नागसेनने एक पडीन ओढला. डावी मिशी तुटलेली. भैय्याजींनी तो फळीवर ठेवला, तर शेपूट रेघ ओलांडून चांगली चार बोटं पुढे गेली.

“हा मघाचाच हाय,” अंकुश म्हणाला.

“असंन गा, भाऊ,” नागसेन म्हणाला. “तुमच्याच हातचा मले लागला म्हणायचं.”

जागा पुन्हा नागसेनचीच झाली. सगळे गेल्यावर अंकुशने फळी घेतली आणि ठोकळ्यापासून वीत टाकली. एक, दोन, तीन. तीन विती संपल्या तरी रेघ पुढेच होती. फळी बदलली असणार असं म्हणून त्याने ती उलटून पाहिली. मागे त्यानेच कधीकाळी कोरलेलं त्याचं नाव होतं.

सोमवारी बायकोने, प्रेमिलाने, त्याच्या बाहीची एक घडी घातली. “हा शर्ट असा ढिला काहून होऊन राहिला?” तिने विचारलं. तो म्हणाला, कापड हलकं असेल. शनिवारपर्यंत तीन घड्या झाल्या होत्या. बाजारात पोती पूर्वीपेक्षा उंच रचतात असं त्याला वाटू लागलं, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतंच. उठता बसता त्याला तो उंबर दिसे, आणि उंबराखाली नागसेन.

बंदीच्या पहिल्या रविवारी तो गळ न घेताच निघाला. एकदाच, कोणी नसताना, त्या जागी बसायचं होतं. बसण्याला काही बंदी नव्हती. बसमध्ये कंडक्टरने काही न विचारता त्याला अर्धं तिकीट दिलं. तो भांडला नाही.

भर दुपारी तलाव सुनसान होता. उंबराखालच्या धोंड्यावर बसायला त्याला हातांनी रेटून चढावं लागलं. अकरा वर्षं इथं बसलं की पाय सहज पाण्यात जात; आज ते वरच लोंबकळत राहिले. तरी जागा त्याची होती. सावली तीच होती, पाण्याचा वासही तोच. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

मागून पावलं वाजली. भैय्याजी होते, बगलेत फळी, आणि त्यांच्याबरोबर नागसेन. अंकुशला म्हणायचं होतं की मी फक्त बसलोय, गळ आणलेला नाही. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

भैय्याजींनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. फळी त्यांनी बगलेतून काढलीसुद्धा नाही.

“लहान हाय,” ते नागसेनला म्हणाले. “सोडून दे.”

नागसेनच्या चेहऱ्यावर तीच जुनी माया होती. तो काठाशी वाकला आणि त्याने आधी दोन्ही हात ओले केले.