पाण्याचं वजन

"झाली का?" काटेवाल्याने संडासाच्या दाराबाहेरून तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," आतून मुंगी म्हणाली. मग बराच वेळ नुसतं कण्हणं ऐकू आलं, आणि शेवटी रडवेल्या आवाजात, "बाबा, दुखतंय."

आज सहावा दिवस होता. पोट हाताला दगडासारखं लागत होतं आणि कालपासून पोरीने जेवणाकडे पाठ फिरवली होती. दाराला टेकून उभं राहण्यापलीकडे काटेवाल्याला काही सुचत नव्हतं.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढायची म्हणून आजीने पाडलेलं ते नाव. आता मुंगी पाच वर्षांची झाली होती आणि घरात साखरच उरली नव्हती. या आहाराआधी दिवसाला फेफऱ्याचे दहा-अकरा झटके यायचे तिला. खेळता खेळता डोळे फिरायचे, हातातलं खेळणं गळून पडायचं. औषधांनी हात टेकले तेव्हा इस्पितळाने हा आहार सुरू केला: लोणी, साय, तेल, अंडं आणि जरासा पालक. धान्य बंद, फळं बंद, गोड तर नावालाही नाही. आणि झटके थांबले. सदतीस दिवस झाले, एकही नाही. घरात कुणी तो आकडा मोठ्याने उच्चारत नव्हतं, दृष्ट लागायच्या भीतीने.

आहार मोजूनमापून द्यायचा होता, आणि मोजमापाच्या बाबतीत या घराचा हात कोण धरणार? अख्ख्या बाजारपेठेतले वजनकाटे दुरुस्तीला काटेवाल्याकडे यायचे. याने हात लावल्यावर काटा केसभर इकडेतिकडे होत नाही, असं दुकानदार छातीठोक सांगायचे. मुलीसाठी त्याने सोनारकामाचा काटा घरी आणून ठेवला होता. वजन करताना पंखा बंद, खिडकी बंद, आजीने खोकायचंही नाही. इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी दिलेला कागद भिंतीवर डकवलेला होता. दिवसाची चार जेवणं, प्रत्येकासमोर ग्रॅमचे आकडे: लोणी अठरा, अंडं चोवीस, पालक दहा, पाणी दीडशे. तोंडात जाईल ते मोजून, असं बाई म्हणाल्या होत्या. काटेवाल्याने ते शब्द मनावर कोरून घेतले. पाण्याचा पेलाही तो काट्यावर ठेवायचा आणि थेंबभर जास्त झालं तर चमच्याने काढायचा.

मुंगी बाहेर आली. हातातल्या वाटीत लघवी होती. रोज सकाळी त्यात एक पट्टी बुडवायची. पट्टी गडद जांभळी झाली तर आहार नीट चाललाय. फिकी पडली तर कुठेतरी गोड गेलंय.

पट्टी फिकी पडली.

मुंगीची आई कारखान्यातल्या पहिल्या पाळीला निघाली होती. चप्पल घालता घालता तिने वळून पाहिलं. "अहो, रंग काय आला?"

"फिका."

"किती फिका?"

त्याने पट्टी तिच्यापुढे धरली. तिचा चेहरा उतरला. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पाळी चुकवता येणार नाही. तुम्ही इस्पितळात घेऊन जा तिला. आणि ओरडू नका कुणावर."

कुणावर, ते तिला सांगावं लागलं नाही. काल दिवसभर आजी एकच धोशा लावून बसली होती. "अरे, चार मनुका भिजवून पाज. मोकळी होईल पोरगी. तुमची सगळ्यांची पोटं मी त्याच्यावरच सांभाळली. की तुम्ही काट्यावर वाढलात?" आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी जाऊन पाव किलो मनुका घेऊन आली होती.

काटेवाल्याने आपल्या आईच्या, म्हणजे आजीच्या, ट्रंकेतून ती पुडी काढली.

"माझ्या वस्तूंना हात लावतोस?" आजी म्हणाली.

त्याने पंखा बंद केला, पुडी काट्यावर ठेवली. अडीच ग्रॅम कमी भरले. त्याने पाच मनुका वेगळ्या काढून तोलल्या. बरोबर अडीच.

"पाच मनुका कमी आहेत, आई."

"मी खाल्ल्या. माझ्या तोंडाने. तेही विचारून करायचं का आता?"

"तूच खाल्ल्यास ना? की हिला दिल्यास?"

आजीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पाच मनुका गेल्या एवढं काट्याने सांगितलं होतं, कुणाच्या तोंडात गेल्या ते मात्र सांगितलं नव्हतं. काटेवाल्याच्या डोक्यात ते घण घालत राहिलं. सदतीस दिवस पाण्यात गेले, आता केव्हाही झटका येईल, आणि तो आपल्या सख्ख्या आईच्या हाताने येईल, असंच त्याला वाटत होतं. त्याने मुंगीला खांद्यावर घेतलं. मागून आजीही चपला घालून निघाली. "मीही येते. आरोप माझ्यावर आहे ना, मग ऐकायलाही मीच हवी," ती म्हणाली.

इस्पितळात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, चिठ्ठी लिहिली आणि आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. बाई मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. काटेवाल्याने आपली वही त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक घास त्यात होता, काय दिलं, किती दिलं, किती उरलं.

"अशी वही मी आजवर पाहिली नाही," बाई म्हणाल्या. एरवी तो सुखावला असता.

"मॅडम, माझ्याकडून चूक नाही झाली. पण आज पट्टी फिकी आली. घरात मनुका आल्यात, आणि..." तो आईकडे न बघता बोलत राहिला, "आमची म्हातारी माणसं ऐकत नाहीत."

आजीने पदर तोंडाला लावला. साठी उलटलेल्या त्या म्हातारीला परक्या माणसापुढे असं कुणी उभं केलं नव्हतं.

बाईंनी मुंगीला जवळ घेतलं. "मला सांगशील? काही खाल्लंस का गं?"

मुंगीने बापाकडे पाहिलं. "नाही खाल्लं."

"खरं?"

"खाल्लं नाही." मग अगदी बारीक आवाजात, "प्यायले."

काटेवाला खुर्चीतून अर्धा उठला. "काय प्यायलीस?"

"पाणी."

"कुठलं पाणी? मनुकांचं?"

"बादलीतलं. अंघोळीच्या." मुंगीचा ओठ थरथरायला लागला. "आजी झोपली होती तेव्हा. मग्याने. दोन मगे. बाबा, परत नाही पिणार."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली आणला. "पण बादलीतलं का प्यायलीस, बाळा? घरात प्यायचं पाणी असतं ना?"

"ते मोजलेलं असतं," मुंगी म्हणाली. "संपतं."

बाईंनी वही उलटी चाळली. एक पान, दुसरं, दहावं. प्रत्येक जेवणापुढे त्याच नीटस अक्षरात: पाणी दीडशे, उरलं शून्य. त्यांनी हळूच विचारलं, "जेवणांच्या मधे किती देता?"

"मधे कसं देणार? कागदावर नाही."

"दिवसभरात सहाशे? फक्त?"

"तुम्हीच लिहिलंय, मॅडम."

बाईंनी वही मिटली. "जेवणाबरोबर निदान एवढं तरी प्यायला लावा, म्हणून लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "मुलं पाणी पीत नाहीत म्हणून आईबापांच्या मागे लागावं लागतं मला. पाणी मोजू नका, हे सांगायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. 'निदान' हा शब्द लिहायला हवा होता. तेवढी चूक माझी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या आहारात कोंडा नाही, फळ नाही; वर पाणी तोडलं तर पोट साफ होणार कसं? पाण्यात साखर नसते, त्याने आहार मोडत नाही. पट्टी फिकी आली ती पोरगी भरपूर पाणी प्यायली म्हणून, लघवी पातळ झाली की रंग फिका दिसतो. गोड काही गेलेलं नाही. डॉक्टरांनी पोट साफ व्हायची बिनसाखरेची पावडर लिहिली आहे, ती पाण्यातून द्या. पालक थोडा वाढवते. संडासला बसताना पायाखाली पाट द्या. आणि पाणी मागेल तेव्हा, मागेल तेवढं.

काटेवाल्याला हे ऐकू येत होतं आणि येत नव्हतंही. त्याला आठवत होतं, मागच्या आठवड्यात पाणी मोजताना काट्याच्या ताटलीवर थेंब सांडला होता. मुंगीने तो बोटावर टिपून चाटला होता. तो हसला होता. मुंगी ती मुंगीच, असं आईला हाक मारून सांगितलंही होतं. अंगणातून खेळून आल्यावर ती पाणी मागायची तेव्हा तो म्हणायचा, "आता जेवणाला." ती मुकाट्याने मान हलवायची. हट्ट नाही, आदळआपट नाही. त्याला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे आपली.

घरी पोचल्यावर त्याने आधी मनुकांची पुडी ट्रंकेत होती तशी ठेवली. मग आईसमोर बसला.

"आई, चुकलं माझं."

"माझं काय घेऊन बसलास," आजी म्हणाली. आवाज अजून ओला होता. "मी तुझी आई आहे, राग गिळेन. तिला म्हण ते."

तो मुंगीपाशी गेला. असं काही पोटच्या पोरीला कधी म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "मुंगे, चुकलं माझं," तो म्हणाला.

मुंगीला त्यातलं काही कळलं नाही. तिने विचारलं, "मग पिऊ पाणी?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही झालं नाही. काटेवाल्याने दुकान उघडलं नाही. पावडरीचं पाणी दोनदा दिलं, आजीने पोटावर गोलगोल हात फिरवला, पायाखाली पाट सरकवला. दीडच्या सुमाराला आतून मोठ्याने रडणं ऐकू आलं, मग सगळं शांत झालं. बाहेर तो आणि आजी श्वास रोखून उभी होती.

"बाबा," मुंगी म्हणाली, "झाली."

आजी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली. काटेवाल्याने कारखान्यात फोन लावला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "झाली." पलीकडून यंत्रांची घरघर आणि तिचा हुंदका ऐकू आला. मग त्याने कॅलेंडरवर अडतिसावी खूण केली.

संध्याकाळी मुंगी साय, अंडं, सगळं जेवली. काटेवाल्याने लोणी तोललं, पालक तोलला आणि पाण्याचा तांब्याच तिच्यासमोर ठेवला. ती एक पेला प्यायली. त्याच्याकडे पाहून दुसरा प्यायली. तिसरा अर्धा झाल्यावर थांबली.

"पी ना," तो म्हणाला.

"पुरे," ती म्हणाली आणि पेला घेऊन आत गेली.

भांडी आवरताना एक पेला कमी भरला म्हणून तो शोधायला गेला. आजीच्या ट्रंकेमागे कोपऱ्यात तो सापडला. वर बशी झाकलेली होती. तिथेच अंथरुणावर पडलेली मुंगी टक्क जागी होती.

"उद्याला ठेवलंय," ती म्हणाली.

काटेवाल्याने पेला उचलला. आयुष्यभर वजनं केलेला हात, त्याला काट्याची गरज पडली नाही. पाणी ऐंशी ग्रॅम असेल. त्याने पेला होता तिथेच ठेवला, आणि वर बशी नीट झाकली.