सगळ्यात नावडती बाई

पोरांच्या मतांवर चालणाऱ्या त्या टीव्ही-सोहळ्यात ‘सगळ्यात नावडती व्यक्ती’ असंही एक बक्षीस होतं, आणि खडूस मामीला ते हवंच होतं. मालिकेत ती गेली चार वर्षं अनाथ भाच्यांचा छळ करत होती. लेखकाने मेकअप चालू असतानाच सांगून टाकलं होतं, "बक्षीस मिळालं तर आणखी वर्षभर छळा. नाही मिळालं तर पुढच्या आठवड्यात तुम्ही विहिरीत पडताय." साठीच्या बाईला दुसरं काम कोण देणार? मालिकांतल्या आज्या सोज्वळ लागतात, आणि मामीचं नाक त्या कामाचं नव्हतं.

समोर तीनशे पोरं, प्रत्येकाच्या हातात मतदानाचा रिमोट. तिसऱ्या रांगेत मामीची खरीखुरी नात, वय वर्षं नऊ. आणि ही बया सकाळपासून प्रचाराला लागली होती. "ती माझी आजी आहे, खूप चांगली आहे. तिला वाईट म्हणायचं नाही. दुसऱ्या मालिकेतल्या त्या हेडमास्तरचं बटण दाबा!"

फ्लोअर मॅनेजर घामाघूम होऊन विंगेत आला. "मामी, हेडमास्तर पुढे गेलाय. नातीनं तुमचं पार वाटोळं केलं. आता दोन मिनिटं बोला, मग मतदान बंद."

मामीने मंचावर जाऊन डोळे वटारले. पोरं हसली. "उद्यापासून सगळ्या सुट्ट्या बंद!" म्हणून खेकसली, तर टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत नात कौतुकाने दोन्ही हात हलवत होती.

"ती बघा माझी नात," मामी माईकमध्ये म्हणाली. कॅमेरा लगेच तिकडे वळला. "चौथीत आहे, पण अजून अंगठा चोखल्याशिवाय बाईसाहेबांना झोप येत नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून माझ्या गळ्यात पडून रडली होती."

नातीचे हात खाली आले. मागून कुणीतरी ओरडलं, "दुष्ट बाई!" मग काय, बटणांवर बटणं दाबली गेली आणि हेडमास्तर भुईसपाट झाला.

मेकअपरूममध्ये नात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मामी ट्रॉफीसकट तिच्याशेजारी टेकली.

"अगं, काम गेलं असतं माझं. चुकलं माझं, पण करू काय? तू तरी माझ्याच बाजूची ना? हेडमास्तरलाच मत दिलंस ना?"

"आधी दिलं होतं," नात म्हणाली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "मग बदललं. आणि आमच्या अख्ख्या रांगेला बदलायला लावलं."

मामीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रॉफी पोटाशी धरून ती हमसून हमसून रडायला लागली, आणि मेकअपवाली पावडर घेऊन धावली, कारण विजेत्यांचा फोटो अजून काढायचा होता.