देवाआधीचा घोट

केतकर साहेब तीन महिने जर्मनीला रस्ते शिकायला गेले आणि बिअर शिकून आले. रस्त्यांचं काय शिकले ते धानोरा भागातल्या कोणत्याही खड्ड्याला विचारा. बिअरचं मात्र सगळं पाठ. तिकडे एका वेलीची फुलं टाकून बिअर कडू करतात, गावोगाव छोटे कारखाने असतात, एकाची चव दुसऱ्याला नाही, लोक लांबून प्यायला जातात. जीप चालवता चालवता मी हे इतक्यांदा ऐकलं, की मलाच एखादा कारखाना टाकता आला असता.

"तुम्हा लोकांना नुसती चढायला हवी असते, मुखरू," साहेब म्हणायचे. "चव कळायला जीभ लागते."

ती जीभ रोज संध्याकाळी डाकबंगल्यावर स्वस्तातली रम चाटत असे, ते सोडा.

मी मान डोलवायचो. अकरा वर्षं रोजंदारीवर गाडी चालवत होतो, आणि मला कायम करण्याचा कागद शहाऐंशीच्या त्या मार्चमध्ये साहेबांच्या चामडी बॅगेत होता. त्यावर शिफारशीच्या दोन ओळी आणि सही, एवढंच हवं होतं. 'बघू' म्हणत ते महिनाभर तो कागद घेऊन हिंडत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी बौद्ध माणूस, हरीशी माझा संबंध नाही. पण पाय धरणं काही चुकलं नाही.

बुधरीचं नाव त्यांना मीच सांगितलं. एके दिवशी फार झालं म्हणून बोलून गेलो, "साहेब, कडू दारू आमच्याकडं बी भेटते."

धानोऱ्यापासून दहा-बारा मैलांवर, नाल्याकाठी तिची भट्टी. मोहाच्या फुलांची दारू सगळेच काढतात. पण बुधरी मडक्यात कसलंसं सालपट टाकायची. कोणत्या झाडाचं, ते सुनेलाही सांगत नसे. त्याने दारू कडसर व्हायची आणि पाच गावची माणसं चालत यायची. मला ती भाऊ म्हणायची. एका पावसाळ्यात हिवतापाने मी तिच्या ओसरीवर पाच दिवस पडून होतो, तेव्हा तिनेच पेज पाजून मला उठवलं होतं.

साहेब दुसऱ्याच दिवशी निघाले. जर्मनीहून आणलेला जाड काचेचा, कानवाला मग त्यांनी टॉवेलात गुंडाळला आणि तान्हं पोर धरावं तसा मांडीवर धरला. पानाच्या दोन्यात चव लागत नाही म्हणे.

जीप पाहताच बुधरी भट्टीपासून उठून उभी राहिली. "घाबरू नकोस, मी दारूबंदीवाला नाही," साहेब म्हणाले, ते अशा आवाजात की न घाबरणारीही घाबरावी. मग त्यांनी तपासणी सुरू केली. मडक्यावरचं मडकं पाहिलं, विस्तव पाहिला, बांबूच्या नळीला नाक लावून डोळे मिटले. नाक भाजलं असणार. पण ते जाणकाराचं नाक, त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटी त्यांनी टॉवेल सोडला आणि काचेचा मग पुढे केला.

बुधरीने मगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मला गोंडीत म्हणाली, "भाऊ, हा नव्या मोहाचा पयला घडा हाय. उद्या पंडुम हाय ना. गायता देवापुढं धार सोडन, मंग गाव पेईन. त्याच्या आंधी कोनाच्या ओठाले लागला, त सारा घडा बाटला. साहेबाले म्हना, उद्या या. मी माह्या हातानं पाजतो."

पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण आणि गायता म्हणजे गावचा पुजारी, हे मला अकरा वर्षांत ठाऊक झालं होतं. पंडुम होईपर्यंत नवा मोह कोणी तोंडात घालत नाही. त्या घड्यात घराघरातून आणलेली ओंजळ ओंजळ फुलं होती.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

मी जीपमधल्या बॅगेकडे पाहिलं. साहेबाला 'उद्या या' म्हटलेलं कधी आवडलं आहे? आणि आमच्या घरातून देव छप्पन साली गेले, मग दुसऱ्यांच्या देवाची वकिली मी कशाला करू? भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती चालत येतात.

"गरम हाय म्हनते, साहेब," मी म्हणालो. "फुकून प्या."

बुधरीला तेवढी मराठी येत होती. तिचा हात पुढे आला आणि सरकारी माणसासमोर थांबला. साहेबांनी स्वतःच तो मग घड्यात बुडवला, फुंकला आणि घोट घेतला.

"वा! कडूपणा मागून येतो बघ," ते म्हणाले. "अगदी तिकडच्यासारखा. विचार तिला, कोणतं झाड?"

मी विचारलं नाही. बुधरीने जळती लाकडं बाहेर ओढली. घडा उचलला, नाल्याच्या उतारावर नेला आणि पालथा केला. साहेब "अरे, अरे!" म्हणत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिकामा घडा काखेला लावून माझ्यासमोर आली.

"त्याले मालूम नव्हतं," ती गोंडीतच म्हणाली. "तुले मालूम होतं."

भाऊ म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर साहेबांनी दोनदा विचारलं, तिने ओतून का दिली? मला त्यांचा संताप आला होता. म्हटलं, आता लाजू दे याला. घराघरातली फुलं, गायता, पंडुम, 'उद्या या' म्हणाली ती, सगळं सांगून टाकलं. आता कागद फाडला तरी चालेल, असंही वाटलं.

काचेचा मग साहेबांच्या मांडीवर होता, पण टॉवेल गुंडाळायचा राहिला होता.

"मग तेव्हाच सांगायचंस ना, मुखरू," ते म्हणाले. "उद्या आलो असतो. त्या बंगल्यावर मला काय काम असतं?"

महिना झाला ज्या माणसाला मी मनात गाढव म्हणत होतो, त्याला एकदा विचारून पाहायचंही मला सुचलं नव्हतं. लाज वाटली, आणि ती साहेबांच्या वाटणीची नव्हती.

जूनमध्ये मी कायम झालो. साहेबांची बदली झाली, नवे आले. त्यांनाही मी मनात नावं ठेवतो, ती सवय काही गेली नाही. बुधरीच्या गावाकडे गाडी न्यायची असली की मात्र श्रावण ड्रायव्हरला पाठवतो. पाठ दुखते म्हणून सांगतो.